वादळानंतरची ओहोटी

लोकरीचा जाड घागरा कमरेशी घट्ट बांधा. त्याच्या आत आणखी एक. थंडी बाधत असेल तर तिसराही चढवा, कोणी काही म्हणणार नाही. तुम्ही पुरुष असलात तरी आजचा पोशाख हाच, कारण या किनाऱ्यावरच्या कामाचं वजन भिजलेल्या घागऱ्याशिवाय कळत नाही. पायांत लाकडी तळाचे जोडे घाला. खांद्यावरून शाल घ्या, तिची दोन्ही टोकं छातीवरून आडवी नेऊन पाठीमागे गाठ मारा, म्हणजे हात मोकळे राहतील. डोक्यावर टोपी हवी आणि ती कडक हवी. कशासाठी, ते कड्याखाली गेल्यावर आपोआप कळेल.

हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लाइम रेजिस. साल १८२९, महिना फेब्रुवारी. तुमची खोली समुद्राला लागून असलेल्या एका जुन्या घरात आहे आणि रात्रभर तुम्हाला झोप लागलेली नाही. वारा धुराड्यातून खाली घुसत होता, शेकोटीतली राख खोलीभर उडत होती. लाट बाहेरच्या भिंतीवर आपटली की हादरा पलंगाच्या पायांपर्यंत यायचा. पण झोप खरी उडवली ती लाट परत जातानाच्या आवाजानं. इथे वाळू थोडी, गोटे फार. मागे हटणारं पाणी हजारो गोटे एकदम ओढून नेतं, त्यांचा खरखराट छातीत शिरतो आणि पुढची लाट येईपर्यंत श्वास अडकून राहतो. पुलाजवळच्या एका घरात वादळाचं पाणी असं शिरलं होतं, की आतल्या माणसांना वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बाहेर पडावं लागलं, असं गावात सांगतात. त्या घरात वाढलेल्या मुलीला आज आपल्याला भेटायचंय.

पहाटे वारा पडला. पाऊस मात्र अजून रेंगाळतोय. चरबीची मेणबत्ती विझवा. जळक्या चरबीचा वास नाकात थोडा वेळ राहील, त्याला इलाज नाही. कोनाड्यातला कालचा पाव खिशात टाका. कोपऱ्यातली टोपली आणि हातोडी उचला. दार उघडताना जोर लावा, लाकूड रात्रीत फुगलंय.

रस्ता उतरणीचा आहे आणि निसरडा. घोड्यांची लीद पावसात विरघळून दगडी फरशीवरून वाहतेय. ओला कोळसा नीट पेटत नाही, त्यामुळे प्रत्येक धुराड्यातून पिवळट धूर निघून खालीच लोळतोय; घशात खवखव होते. मध्येच पावाच्या भट्टीचं दार उघडतं, ऊबदार वासाचा एक झोत अंगावर येतो आणि लगेच संपतो. गावातून वाहणारी लिम नदी आज गढूळ, फुगलेली आहे. एरवी ती गावाची घाण गुपचूप समुद्रात नेते. आज ती घाण काठावर आलीय आणि तिचा वास कोणालाच जाणवत नाहीये, कारण सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे आहे.

पुरुष दोरखंड खांद्यावर टाकून कॉबकडे धावतायत. कॉब म्हणजे या गावाचा धक्का, समुद्रात वाकून शिरलेली दगडी भिंत. तिच्या आडोशाला होड्या नांगरलेल्या असतात. ही भिंत नसेल तर गावही नसेल. १८२४च्या नोव्हेंबरातल्या भयंकर वादळात समुद्रानं तिला भगदाड पाडलं होतं, त्यामुळे दर वादळानंतर पहिली धाव तिकडेच. बायका आणि पोरं मात्र उलट्या दिशेनं निघालीयत, पूर्वेला, चर्चच्या खालच्या किनाऱ्याकडे. तुम्ही त्यांच्यामागे चला.

आता वास बदलतो. डांबर, धूर आणि लीद मागे राहतात आणि समोरून एक दाट, खारट, किंचित कुजका वास अंगावर येतो. तो उखडलेल्या समुद्रवनस्पतींचा आहे. भरतीच्या रेषेवर त्यांचा गुडघाभर उंचीचा बांध झालाय. तपकिरी पट्टे, चामड्याहून चिवट, मुळाशी अजून दगड धरून ठेवलेले. शेतकरी दुपारी गाड्या आणून ते भरून नेतील, शेताला खत म्हणून. त्याआधी तुम्ही हात घाला. घाला, घाला! थंड आहे, बुळबुळीत आहे, आणि आत सगळा समुद्र आहे. तारामासे, पाय तुटलेले खेकडे, पाकटासारख्या माशांच्या अंड्यांच्या काळ्या, चौकोनी, टोकांना शेपट्या असलेल्या पिशव्या. हा फिकट पिवळा हलका गोळा? एका मोठ्या सागरी गोगलगाईच्या अंड्यांची रिकामी कवचं आहेत ती. खलाशी असा गोळा पाण्यात चोळून हात धुतात. आणि हे पांढरं, खडूसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं? हे तुम्ही ओळखलं असणार. वैद्याकडे पाहिलेलं समुद्रफेन, माकूळ जातीच्या प्राण्याच्या पाठीतलं. इथे त्याची पूड करतात आणि लिहिलेल्या कागदावर भुरभुरवतात, शाई पसरू नये म्हणून. एक तुकडा टोपलीत ठेवा. शाईचा विषय आज पुन्हा निघणार आहे.

शिंपल्यांसाठी खाली वाका. वादळानं खोल पाण्यातले शिंपले वर आणलेत, जे एरवी काठाला येतच नाहीत. पंख्याच्या आकाराचे गुलाबी, दुधी कडांचे पातळ, कातळाला चिकटून बसणारे शंकूच्या आकाराचे, बोटाच्या पेराएवढ्या करड्या गोगलगाई. शेजारची आजीबाई प्रत्येक शिंपला उचलते, उजेडाकडे धरते, अंगठ्यानं कड चाचपते. कड फुटकी असेल तर मागे टाकते. दहांतला एखादाच टोपलीत जातो. घेणारे लोक फुटका घेत नाहीत. उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी येणाऱ्या घरंदाज बायकांना असे शिंपले डब्यांवर, आरशांच्या चौकटींवर चिकटवायचे असतात. या वेडाची हद्द पाहायची असेल तर पश्चिमेला एक्समथला जा. तिथे जेन आणि मेरी पार्मिंटर या चुलत बहिणींनी सोळा बाजूंचं घर बांधून त्याची वरची गॅलरी शंखशिंपल्यांनी मढवली; जवळजवळ २५,००० शिंपले आहेत तिथे. इथे मात्र आजीबाईची बोटं थंडीनं निळी पडलीयत. ती काखेत हात घालून क्षणभर थांबते आणि पुन्हा वाकते.

तुमची नजर काचेसाठी भिरभिरतेय, मला कळतं. समुद्रानं घासून मऊ केलेले हिरवे, निळे, तपकिरी काचेचे खडे. ते आज मिळणार नाहीत. इथे बाटली किमतीची वस्तू आहे, ती धुऊन पुन्हा भरली जाते, फेकणार कोण? गावाचा पुढच्या काळातला कचरा पूर्वेच्या उतारावर साठेल, २००८ साली चारशे मीटर लांबीची दरड तो घेऊन खाली येईल, आणि मग तुमच्या काळातली मुलं तिथे काच वेचतील. आज इथे जे वेचायचं आहे ते काचेहून फार जुनं आहे. पाठ ताठ करा, मान वर करा.

हा कडा. राखाडी-निळ्या चुनखडीचा एक थर, त्यावर काळ्या मऊ शेलचा एक, पुन्हा चुनखडी, पुन्हा शेल. पायथ्यापासून माथ्यापर्यंत असंच. तो सुकलेला कधीच नसतो. हिवाळाभर पाऊस त्यात मुरत राहतो, काळा चिखल जड होत जातो, खालून लाटा पाया खात राहतात, आणि वादळाच्या रात्री त्यातला एखादा लचका सुटून खाली येतो. पाहा, काल रात्री काय झालंय! कड्यापासून पाण्यापर्यंत काळ्या चिखलाची जीभ पसरलीय. तिच्यात उपटलेली झुडपं आहेत, गवताची ढेकळं आहेत आणि दगडांच्या लाद्या आहेत. लाटांनी तिचं टोक चाटून साफ केलंय. तिथेच जायचं.

पाय जपून टाका. चिखल जोडा धरून ठेवतो आणि पाय एकटाच वर येतो. घागऱ्याचा काठ केव्हाच भिजला आहे. पाणी लोकरीतून वर चढत गुडघ्यापर्यंत पोचलंय आणि प्रत्येक पावलाला ती ओली कड नडगीवर सपकन बसते. वारा समोरून आहे. ओठ चाटून पाहा, मीठ लागेल.

आता कसं पाहायचं ते सांगतो. शोधू नका. नजर सैल सोडा, आणि जिथे निसर्गाचा ओबडधोबडपणा अचानक नियमात बसतो तिथे थांबा. समान अंतरावरच्या रेघा. नेमका गोल. दोन्ही बाजू सारख्या असलेलं काहीतरी. हा बोटाएवढा गुळगुळीत, टोकदार दगड उचला. बंदुकीची गोळी अजून या आकाराची व्हायचीय. इथले लोक त्याला आभाळातून पडलेलं वज्र म्हणतात. हा वाकडा, जाड, रेघारेघांचा शिंपला म्हणजे सैतानाचं नख. सांधेदुखीवर तो जवळ बाळगतात. आजीबाईच्या खिशात एक आहेच, विचारलंत तर दाखवेल. ही नावं आणि हे उपाय घेऊन गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलंय, आणि या दगडांनी लोकांच्या चुलीही पेटवल्यात, कारण डाकगाडी थांबली की उतारू असली नवलं विकत घेतात.

तो चपटा गोटा पाहा, तळहातात मावेल एवढा. त्याच्या कडेनं बारीक कणा गेलाय, दिसला? उचला. मोठ्या दगडावर उभा धरा. हातोडी कण्याच्या रेषेवर मारा. जोर नको, नेम हवा. पुन्हा मारा. तिसऱ्यांदा आवाज बदलतो, बद्द वाजतो. दगड उघडला.

आत एक शंख आहे. मध्यातून सुरू होऊन बाहेर बाहेर येणारं वेटोळं, प्रत्येक वेटोळ्यावर ठाशीव बरगड्या. इथले लोक याला साप-दगड म्हणतात, पुस्तकं अमोनाइट म्हणतात. तुम्हाला मात्र वेगळंच काही आठवतं आणि हात आपोआप स्थिर होतो. देवघरातला शाळिग्राम. गंडकीच्या पात्रातून आलेला तो काळा गोटा, त्याच्या पोटात हेच चक्र असतं. आजी त्याला स्नान घालून गंध लावायची, तुळस वाहायची, तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव व्हायचा. तो आणि हा एकाच कुळातले. हिमालय जिथे आज उभा आहे तिथे समुद्र होता तेव्हाचा तो, आणि इंग्लंडचा हा कोपरा उबदार उथळ पाण्याखाली होता तेव्हाचा हा, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा. उजेड पाहणारे पहिले डोळे तुमचे. माझ्या मते शिंपले वेचण्याचं सगळं सुख या एका क्षणात आहे. पुढे तो शिंपला कपाटात जातो की विकला जातो, यानं त्या क्षणाचं काही कमीजास्त होत नाही.

थांबा. ऐकलंत?

बारीक टपटप. वाटाण्याएवढे खडे कड्यावरून घरंगळतायत. एक टोपीवर आदळतो. वर पाहू नका, आधी समुद्राकडे पळा! मागे काहीतरी मोठं, ओलं, जड असं सुटतं, जमीन तळपायांत थरथरते आणि तुम्ही जिथे दगड फोडत होता तिथे आता बैलगाडीभर चिखल आहे. ओल्या मातीचा आणि कसल्यातरी तेलकट खनिजाचा वास पसरतो. काळीज घशाशी आलंय. आजीबाई पलीकडे उभी राहून नुसती मान हलवते.

तेवढ्यात एक कुत्रा भुंकतो. काळापांढरा, लहान चणीचा, चिखलानं माखलेला. त्याच्यामागून एक बाई येते. तिशीला आलेली, सडपातळ, चालण्यात काटकपणा. हातात टोपली आणि हातोडी, डोक्यावर उंच कडक टोपी. ही मेरी अॅनिंग. कुत्र्याचं नाव ट्रे. तिला काही महत्त्वाचं सापडलं आणि मदत आणायला गावात जावं लागलं, तर ट्रे त्या जागेवर बसून राहतो, असं सांगतात. त्याला थोपटा. आणखी चार वर्षांनी, १८३३च्या शरदात, असाच कडा कोसळेल आणि मेरीच्या पायांपाशी ट्रेचा जीव जाईल. या किनाऱ्यावर हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. थोडं जास्त थोपटा.

मेरीचे वडील सुतार होते. सुट्टीच्या वेळी ते मुलांना या कड्याखाली आणायचे, दगडातले शंख दाखवायचे, साफ करायला शिकवायचे. १८१० साली ते गेले, मागे कर्ज राहिलं. मेरी तेव्हा अकरा वर्षांची. तेव्हापासून हे वेचणं म्हणजे घरातला पाव. पुढच्याच वर्षी भाऊ जोसेफला एका अजस्र डोक्याची कवटी सापडली, आणि १८१२मध्ये मेरीनं उरलेला सांगाडा शोधला: इक्थिओसॉर, मासा नसून माशाच्या आकाराचा समुद्री सरपटणारा प्राणी, पाच मीटरहून लांब. गावच्या जमीनदारानं तो २३ पौंडांना घेतला. १८२३च्या डिसेंबरात लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा पुरा सांगाडा, आणि मागच्याच डिसेंबरात पंख असलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं. जर्मनीबाहेर मिळालेला तसा पहिलाच सांगाडा. बरंचसं हिवाळ्यात. लोक घरात शेकोटीजवळ बसतात तो तिचा हंगाम.

ती तुमच्या टोपलीत डोकावते. शंखाकडे एक नजर टाकते, ठीक आहे म्हणून मान डोलावते आणि तुम्ही कचरा म्हणून बाजूला टाकलेला एक करडा, लांबट, पिळवटलेला गोटा उचलते. हातोडीच्या एका ठोक्यात त्याचे दोन भाग होतात. आत काळे चकचकीत ठिपके आहेत. जवळून पाहा: माशांचे खवले, बारीक हाडं. असे गोटे तिला इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी सापडले होते. फोडून पाहिले तर आत त्याचं जेवण. होय, ही त्या प्राण्याची विष्ठा आहे. दगड नाकाशी न्यायला हरकत नाही, वास केव्हाच गेलाय. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड या गोट्यांवर याच वर्षी निबंध वाचतायत. मेरी मात्र हे सांगताना तुमच्याकडे पाहतही नाही. तिचं लक्ष चिखलातल्या एका चकतीकडे गेलंय. बशीच्या आकाराची, मधे खोलगट. मणका. एक असला तर जवळपास दुसरा असेल. ती गुडघ्यांवर बसते, बोटांनीच चिखल बाजूला करते. दुसरा आहे. तिसरा आहे. ओळीत आहेत.

आता दिवसाचा वेग बदलतो. वादळानं कडा उघडला तो आपल्यासाठी नव्हे. जे काल बाहेर आलं ते समुद्र आता फोडणार, घासणार, गोट्यांत मिसळून टाकणार. वीस कोटी वर्षं जे टिकलं त्याला उघड्यावर आल्यानंतर काही भरत्याच पुरतात. म्हणून वेचायचं, आणि म्हणून आजच. (तुमच्या काळातही त्या किनाऱ्यावर सुटं पडलेलं वेचायला मुभा आहे, कडा खणायला नाही, आणि हा भेद मला योग्य वाटतो.) मेरी उठून पाण्याकडे पाहते. ओहोटी संपून वळलीय. गावातून खाणकामगार बोलवायचे तर त्यांना यायला वेळ लागेल, शिवाय मजुरी द्यावी लागेल. ती मणक्यांभोवतीची ओळ नजरेत भरून घेते, जागेच्या खुणा मोजते, सुटे झालेले तुकडे टोपलीत घेते. तुम्ही शाल सोडून तिच्यात तुकडे बांधा. मागे फक्त ट्रे बसून राहतोय का? नाही, ती शीळ घालून त्यालाही बोलावते. भरती कुत्र्याला ओळखत नाही.

परतीची वाट हीच, पण अरुंद झालेली. एका ठिकाणी कड्याचं नाक पुढे आलंय आणि पाणी सगळ्यात आधी तिथेच टेकतं. तुम्ही पोचता तेव्हा लाट नाकाला लागून मागे जातेय. मेरी थांबते, लाटा मोजते. मोठी येऊन गेली की पळायचं. पळा! जोड्यात पाणी शिरतं, ते इतकं गार आहे की आधी चटका बसल्याची जाणीव होते. दगड पायाखाली फिरतात. कडेवरची शाल, तिच्यातले दगड, ओला घागरा, सगळ्यांचं वजन एकदम कमरेत येतं. दुसरी लाट मांडीपर्यंत भिजवते. आणि तुम्ही पलीकडे आहात. आजीबाई केव्हाच पलीकडे आलीय. तिला भरती पाठ आहे.

ब्रॉड स्ट्रीटवर चढण लागते. अॅनिंगांचं दुकान तीनेक वर्षांपूर्वी इथे आलं, रस्त्याच्या बाजूला काचेची मोठी खिडकी असलेल्या घरात. आधी पुलाजवळच्या घराबाहेर एका मेजावर शंख मांडून विक्री व्हायची. आत शिरा. अंधार, दमटपणा, ओली लोकर, प्लास्टर आणि सरसाचा वास. प्रत्येक फळीवर, खुर्चीवर, जिन्याच्या पायरीवर दगड. मेरीची आई हिशेबाच्या पाटीशी बसलीय. ती तुमची टोपली गोड्या पाण्याच्या घंगाळात रिकामी करते, कारण मीठ राहिलं तर दगडाचा पुढे भुगा होतो. शंख ब्रशनं घासून ती दोन ढीग करते, विकायचे आणि टाकायचे. टाकायचा ढीग मोठा आहे. सोन्याच्या रंगाचा, नखाएवढा अमोनाइट तुम्हाला चिखलात मिळाला होता ना? तो सोन्याचा नाही, लोह आणि गंधकाचा आहे, दमट हवेत कधीतरी फुटेल. तरी त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. तुमच्या तळहातावर तांब्याची दोनचार नाणी पडतात. थंड आहेत, जड आहेत. पावासाठी पुरतील.

खिडकीजवळ एलिझाबेथ फिलपॉट बसल्यायत. मेरीहून वयानं खूप मोठ्या, खाऊनपिऊन सुखी घरातल्या, पण मेरीबरोबर त्याच चिखलात वाकणाऱ्या. गावातल्या पोरांना खरचटलं की त्यांच्या घरचं मलम लावतात. त्यांच्यासमोर बशीत थोडी काळी पूड आहे. तो वज्रदगड ज्या प्राण्याचा, तशाच एका प्राण्याच्या अवशेषात मेरीला वाळलेल्या शाईची पिशवी मिळाली होती. तीच खलून, पाण्यात कालवून फिलपॉटबाई इक्थिओसॉरच्या कवटीचं चित्र काढतायत. तुमच्या टोपलीतलं समुद्रफेन आठवलं? ते ज्या प्राण्याचं, त्याच कुळातल्या जुन्या नातलगाची ही शाई. मेरीनं आजच्या माकळ्या आणि मासे चिरून त्यांची अंगं पाहिलीयत, म्हणून तिला ही पिशवी ओळखता आली. कुंचला कागदावर टेकतो आणि मातकट तपकिरी रेघ उमटते. बोट लावून पाहा, वाळली नसेल तर बोटाला लागेल.

दारात घोडागाडी थांबते. एक गृहस्थ आत येतात, कोरड्या बुटांचे. मेरीशी ते हाडांवर बोलतात. बोलता बोलता त्यांचे प्रश्न संपतात आणि तिची उत्तरं संपत नाहीत. ते एका सांगाड्यासाठी घासाघीस करतात, पैसे मोजतात आणि वहीत टिपून घेतात: गाव, थर, प्राण्याचं नाव, लांबी, किंमत. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाचू शकता. शोधणारीचं नाव त्यात नाही. संग्रहालयात त्या सांगाड्याखाली ज्यानं तो भेट दिला त्याचं नाव लागेल. हे वाचून मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. चिखलात गुडघे टेकणाऱ्या, मणका पाहून सगळा प्राणी मनात उभा करणाऱ्या या बाईनं शास्त्रज्ञांचे निबंध स्वतःच्या हातानं उतरवून काढलेत, आकृत्यांसकट. तिच्या शोधांवर ज्या भूशास्त्र संस्थेत चर्चा होतात तिचं दार बायकांना १९०४पर्यंत बंद राहणार आहे.

मेरी मात्र पैसे आईकडे सरकवून पुन्हा घंगाळाजवळ बसलीय. मणका फडक्यात धरून ती सुईनं त्याच्या खोबणीतला चिखल काढतेय आणि त्याच वेळी आईला सांगतेय, की उद्यासाठी दोन माणसं सांगायला हवीत, पहारी घेऊन. बाकीची ओळ कड्याच्या आत वळलेली दिसतेय, डोकं बहुतेक आतच असेल. तुम्हीही शेकोटीशी या. घागऱ्यातून वाफ निघायला लागते, ओल्या लोकरीला ओल्या मेंढीचा वास येतो, बोटांत रक्त परतताना टाचण्या टोचतात. आई हेरिंगचा तुकडा आणि पावाचा काप पुढे करते. खा. दात खारटात रुततात, मासळीचं तेल हनुवटीवर ओघळतं, आणि पहाटेपासून पोटात काही नव्हतं हे आत्ता लक्षात येतं.

उद्याची ओहोटी आजच्याहून पाऊणएक तास उशिरा आहे. ती माणसं वेळेवर आली नाहीत तर पहार तुम्हालाच धरावी लागेल, तेव्हा लवकर निजा.